बायको व्हिगन, बाकी आम्ही पाच जण: एकाच स्वयंपाकात कसं भागवायचं

बायको व्हिगन झाली, म्हणजे दूध-तूप असं प्राण्यांपासून मिळणारं सगळंच खायचं तिने सोडलं, त्याला आता दोन वर्षं होतील. घरात आम्ही सहा जण, मी, ती, आई-बाबा, दहावीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे आणि बहुतेक वेळा सेकंड शिफ्ट असते, म्हणून सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे, पावणेसातला मुलाचा क्लासचा डबा, साडेआठला तिचा बँकेचा डबा, मग धाकटीची शाळा आणि अकराला आई-बाबांचं गरम जेवण. एवढ्या धावपळीत व्हिगन स्वयंपाक शिकलो तो कसा शिकलो ते लिहितोय, कारण ज्यांच्या घरी एखादंच माणूस व्हिगन झालंय त्यांची पहिल्या महिन्यात फार ओढाताण होते, आमची तरी झाली.

सुरुवातीला मी तिच्यासाठी वेगळं पातेलं चढवायचो. आमचं वेगळं, तिचं वेगळं. पंधरा दिवसांत मी थकलो, आणि तिलाही ते आवडेना, म्हणाली, अरे माझ्यासाठी वेगळं करू नकोस, मला पाहुणी असल्यासारखं वाटतं. तेव्हा नीट बसून विचार केला की आपल्या ताटात दूध-तूप नक्की येतं कुठे? वरण-भातावर तूप वरून. पोळीला तूप तव्यावरून उतरल्यावर. दही वाटीत. ताक ग्लासात. म्हणजे आपल्याकडे बहुतेक गोष्टी शिजून झाल्यावरच दुधा-तुपाचा नंबर लागतो! तर नियम एकच ठेवला, गॅसवर जे काही शिजेल ते सगळ्यांसाठी एकच आणि बिनदुधाचं, आणि ज्याला तूप, दही, लोणी हवंय त्याने ताटात वरून घ्यायचं. आई अजूनही वरणावर भरपूर तूप घेते, बाबांना रात्री हळद-दूध लागतं, मुलगी सकाळी दूध पिते, त्यात काहीच बदललं नाही. बदललं ते फक्त कढईतलं. तुम्ही हे एवढं एक जरी केलं ना तरी अर्धं काम संपतं, बाकीचं सगळं बारीकसारीक आहे.

आता आठवड्याचा मेनू आठवून बघा आणि त्यातलं आधीपासूनच व्हिगन काय आहे ते वेगळं काढा, तुम्हालाच आश्चर्य वाटेल. पिठलं-भाकरी, झुणका, मटकीची उसळ, डाळ-वांगं, भरलं वांगं, वांग्याचं भरीत, पाटवडीचा रस्सा, शेंगदाण्याची आमटी, कटाची आमटी, मेथीची पातळ भाजी, ठेचा, कांदेपोहे, थालीपीठ. नाशिककडे खानदेश जवळ असल्यामुळे शेवभाजी आणि काळ्या मसाल्याचा रस्सा घरोघरी होतोच, त्यात दुधाचा थेंब नसतो, दाटपणा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणातून येतो. उपासालासुद्धा भगर आणि दाण्याची आमटी आहेच, साबुदाण्याची खिचडी फक्त तुपाऐवजी शेंगदाण्याच्या तेलात करायची, जिरं चांगलं तडतडू द्यायचं आणि कूट जरा सढळ घालायचा. म्हणून पहिले दोन आठवडे इंटरनेटवरच्या परदेशी रेसिप्यांच्या मागे अजिबात लागू नका. आई करत आली तेच करा.

पण रोज पिठलं-उसळ चालत नाही, मुलांना पनीरसारखी दाट ग्रेव्ही हवी असते, आईला गुरुवारी कढी हवी असते. इथे मला एक गोष्ट फार उपयोगी पडली, ती म्हणजे दुधाला पर्याय काय असं विचारायचंच नाही, त्या पदार्थात दूध काय काम करतंय ते बघायचं. आंबटपणासाठी दही पडत असेल तर चिंच, आमसूल, लिंबू, उन्हाळ्यात कैरी. दाटपणासाठी साय किंवा क्रीम पडत असेल तर मगजबी (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया), काजू, तीळ, दाण्याचा कूट. मऊपणासाठी पडत असेल, जसं कणकेत किंवा कटलेटच्या सारणात, तर तेल आणि थोडं कोमट पाणी पुरतं. आणि तुपाचा खमंगपणा हवा असेल तर खरं सांगायचं तर तसाच्या तसा मिळत नाही, पण लसूण लालसर होईपर्यंत तेलात परतून वरून चुरचुरीत फोडणी दिली की वरणाला दुसराच खमंगपणा येतो, आणि आता आमच्या मुलाला तोच जास्त आवडतो.

मगजबीचं सांगतो कारण ती काजूपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि लोकांच्या लक्षात येत नाही. अर्धी वाटी मगज गरम पाण्यात अर्धा तास भिजवायची, भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं आणि ताज्या पाव वाटी पाण्यात एकदम गंधासारखी वाटायची, बोटांत धरून चोळली तर रवा लागता कामा नये. कांदा-टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतून झाला की मगच ही पेस्ट घालायची, आणि घातल्यावर गॅस बारीक, नाहीतर तळाला धरते. टोमॅटो फार आंबट असला तर चिमूटभर साखर. हीच पेस्ट बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवतो, घाईच्या सकाळी दोन खडे टाकले की ग्रेव्ही झाली.

आता दही. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. शेंगदाण्याचं दही घरी छान होतं पण पहिल्यांदा माझं कडवट झालं, कारण मी सालं काढली नव्हती. तर असं करा. एक वाटी कच्चे शेंगदाणे रात्री भिजत घाला, सकाळी त्यावर कडकडीत पाणी ओतून दहा मिनिटं ठेवा आणि मग दोन्ही हातांनी चोळा, सालं आपोआप वर तरंगतात. अडीच वाट्या पाण्यात दोन-तीन हप्त्यांत बारीक वाटा, पहिल्यांदा कमी पाणी घ्यायचं म्हणजे नीट वाटलं जातं. सुती पंचातून घट्ट पिळून गाळा. जे दूध निघेल ते जाड बुडाच्या पातेल्यात बारीक गॅसवर आठ-दहा मिनिटं उकळा आणि सतत ढवळत राहा, हे दूध गाईच्या दुधापेक्षा लवकर खाली लागतं आणि करपलं की तो वास शेवटपर्यंत जात नाही. मग बोट बुडवून चटका बसणार नाही एवढं कोमट होऊ द्या. विरजणाला पहिल्या वेळी पाच-सहा हिरव्या मिरच्यांचे देठ, देठाशी थोडी मिरची राहू द्यायची, ते दुधात बुडवायचे आणि झाकून ठेवायचं. लागल्यावर देठ काढून टाका. पहिलं विरजण जरा पातळ लागतं, त्यातलं दोन चमचे ठेवून दुसऱ्यांदा लावलं की घट्ट होतं.

नाशिकच्या थंडीचं मात्र लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली जातो आणि ओट्यावर ठेवलेलं दही सकाळपर्यंत दुधासारखंच राहतं. मी तेव्हा पातेलं जुन्या शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यांमध्ये ठेवतो, बारा-चौदा तास लागतात. एप्रिल-मेमध्ये सहा-सात तासांत होतं, जास्त ठेवलं तर आंबट ढाण.

या दह्याचं कोशिंबिरीला मी फारसं नाव घेणार नाही, दाण्याचा वास येतो, ज्याला सवय आहे त्यालाच आवडेल. पण मठ्ठा आणि कढी, या दोन गोष्टींसाठी हे उत्तम! एक वाटी दह्याला एक मोठा चमचा बेसन, दोन वाट्या पाणी, मीठ, गूळ, ठेचलेलं आलं-मिरची, हे सगळं गॅसवर ठेवायच्या आधीच रवीने घुसळून एकजीव करायचं, गुठळी राहू द्यायची नाही. मग मंद आचेवर एका दिशेने ढवळत एक हलकी उकळी. वरून तेलाची फोडणी, जिरं, मेथीचे चार दाणे, हिंग, कढीपत्ता, सुकी मिरची. आईने पहिल्यांदा खाल्ली तेव्हा काही न बोलता दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, आणि मग म्हणाली, पुढच्या वेळी मेथ्या दोनच घाल रे, कडू लागतात. त्यात कुठलं दही होतं ते तिने विचारलंच नाही, मीच सांगितलं.

पिळून उरलेला दाण्याचा चोथा फेकायचा नाही. तव्यावर कोरडा परतून लसूण-तिखट-मीठ घालून चटणी होते, किंवा भरल्या वांग्याच्या सारणात जातो.

सोयाबीनचं दूध पण असंच, आपल्या जिल्ह्यात सोयाबीन भरपूर पिकतं त्यामुळे मिळायला अडचण नाही. एक वाटी सोयाबीन आठ-दहा तास भिजवून, सालं चोळून काढून, सहा वाट्या पाणी धरून वाटायचं, वाटताना पाणी गरम घेतलं तर तो कच्चट वास कमी येतो. गाळल्यावर किमान पंधरा-वीस मिनिटं उकळायलाच हवं, हे महत्त्वाचं आहे, कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा करणारे घटक असतात आणि ते उकळूनच जातात. पातेलं मोठं घ्या कारण फेस एकदम वर येतो. त्याच दुधाला दोन चमचे लिंबाचा रस अर्ध्या वाटी पाण्यात मिसळून हळूहळू घातला की फाटतं, पंचात बांधून वजनाखाली ठेवलं की टोफू. टोफूला स्वतःची चव नसते म्हणून मी तुकडे मीठ-हळद-तिखट लावून आधी तव्यावर खरपूस करून घेतो आणि मगच ग्रेव्हीत टाकतो. सोयाचा चोथा थालीपिठाच्या भाजणीत मिसळायचा, थालीपीठ मऊ होतं.

चहाचं काय, हा प्रश्न मला सगळेच विचारतात. सोयाचं दूध घालून नेहमीसारखा चहा उकळला की फाटतो, त्यात आलं असलं तर नक्कीच. करायचं असं की पाणी, साखर, आलं, चहापत्ती आधी चांगली चार-पाच मिनिटं उकळून घ्यायची, गॅस बंद करायचा, आणि दुसरीकडे गरम केलेलं सोया दूध त्यात शेवटी ओतायचं, पुन्हा उकळायचं नाही. ओट्सचं दूध मला चहात पटलं नाही, तापवलं की लापशीसारखं चिकट होतं. काजूचं दूध सगळ्यात जवळ जातं, दोन कप चहाला दहा-बारा भिजवलेले काजू अर्ध्या कप पाण्यात बारीक वाटून शेवटी घालायचे, पण रोज परवडत नाही. शेवटी ती स्वतःच गवती चहा आणि आलं घालून कोरा चहा घ्यायला लागली, गवती चहा आमच्या गॅलरीतल्या कुंडीतच आहे, आणि आता बाबाही संध्याकाळी तोच मागतात. काजूचा चहा रविवारी.

रविवारचे दीड-दोन तास मात्र द्यावेच लागतात, त्याशिवाय आठवडा निभत नाही. पवननगरच्या मार्केटमधून किंवा वेळ असला तर बुधवारच्या बाजारातून भाजी आणतो, कडधान्य आणि मगज-तीळ रविवार कारंजाकडच्या दुकानातून महिन्याचं एकदम. कांदा आणि सुकं खोबरं गॅसवर काळपट भाजून त्याचं कोरडंसर वाटण करून डब्यात, ते फ्रिजमध्ये चार-पाच दिवस सहज टिकतं. मटकी किंवा मूग शनिवारी रात्री भिजत, रविवारी सकाळी फडक्यात बांधून, सोमवारी सकाळी मोड आलेले तयार. चिंचेचा कोळ एका बाटलीत. दाण्याचा कूट, तिळाचा कूट, कारळ्याची आणि जवसाची चटणी. एवढं असलं की सकाळी सव्वासहाला उभा राहिलो तरी साडेआठपर्यंत तीन डबे होतात, एका कुकरमध्ये खाली डाळ, वर भात, शेजारच्या शेगडीवर उसळ, आणि पोळ्या करायला ती येते. पोळीला तिने तेल लावायचं ठरवलंय, आईच्या दोन पोळ्या शेवटी तूप लावून वेगळ्या डब्यात. तुपाचा चमचा वेगळा ठेवा बरं का, लाल दांड्याचा वगैरे, नाहीतर घाईत तोच चमचा भाजीत जातो.

दुकानातल्या पाकिटांचं. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हिगन नाही, कारण आपल्याकडे दूध शाकाहारात धरतात. व्हिगनसाठी वेगळं चिन्ह आहे, हिरवा इंग्रजी व्ही आणि त्यावर पान, ते 2022 च्या नियमांनुसार आलं. ते सगळ्या पाकिटांवर नसतं म्हणून मागची घटकांची यादी वाचायची सवय लावा, मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, बटर, घी, असं काही दिसलं की ठेवून द्यायचं. बिस्किटं, टोस्ट, ब्रेड, तयार सूप, चॉकलेट, यांत दूध पावडर हमखास निघते. आणि सोया किंवा बदामाचं दूध शोधायला गेलात तर पाकिटावर दूध असा शब्द सहसा दिसणार नाही, बेव्हरेज किंवा ड्रिंक असं लिहिलेलं असतं, कारण नियमाप्रमाणे मिल्क हा शब्द जनावराच्या दुधालाच वापरायचा असतो. मधही व्हिगन नाही, हे मला उशिरा कळलं, आम्ही गूळ वापरतो.

सणावारी काय करायचं याची मला जास्त काळजी होती, आईला वाईट वाटू नये म्हणून. नैवेद्याचं ताट आई तिच्या पद्धतीने करते, त्यात मी हात घालत नाही, पंचामृत आहे तसंच. पण उकडीच्या मोदकाच्या उकडीत तुपाऐवजी खाण्याचं खोबरेल घातलं, सारण ओलं खोबरं आणि गुळाचंच, आणि तूप ज्याने त्याने मोदक फोडून वरून घ्यायचं. पुरणपोळी नारळाच्या दुधासोबत, ही तर जुनीच पद्धत आहे. शिऱ्याला खोबरेल चालतं पण रवा नेहमीपेक्षा जास्त वेळ, बदामी रंगावर भाजायला हवा, वास त्यातूनच येतो. श्रीखंड मी चार वेळा केलं, काजूचं, नारळाचं, मला एकही मनासारखं जमलं नाही, म्हणून पाडव्याला ती आमरस-पोळी खाते, आमरसात दूध घालत नाही एवढंच.

मुलीच्या वाढदिवसाचा केक मात्र पहिल्याच वेळी जमला. दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, एक छोटा चमचा खायचा सोडा, पाव चमचा मीठ चाळून घ्यायचं, त्यात एक कप पाणी, पाव कपापेक्षा थोडं जास्त तेल आणि एक मोठा चमचा व्हिनेगर. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की लगेच फसफसतात, तोच फुगवटा, म्हणून ओव्हन किंवा कुकर आधीच तापवून ठेवायचा आणि मिश्रण झालं की थांबायचं नाही. जास्त फेटायचंही नाही, पीठ दिसेनासं झालं की बस.

तब्येतीचं थोडक्यात पण मनापासून सांगतो. बी12 हे जीवनसत्त्व झाडांपासून मिळणाऱ्या जेवणातून भरवशाने मिळत नाही, लोणच्यातून, आंबवलेल्या पदार्थांतून मिळेल असं समजून बसू नका, गोळी घ्यावीच लागते. रक्त तपासून डॉक्टरांना विचारून डोस ठरवा, डी पण तेव्हाच तपासून घ्या. कॅल्शियमसाठी नाचणी, 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम असतं, आणि तीळ त्याहून कितीतरी जास्त, म्हणून आमच्याकडे आठवड्यातून तीनदा नाचणीची भाकरी आणि ताटात तिळाची चटणी असतेच. लोहासाठी पालेभाजी-कडधान्यावर लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, चहामुळे लोह अंगी कमी लागतं. प्रोटीनची काळजी लोक उगाच जास्त करतात, रोज दोन्ही वेळ डाळ किंवा उसळ, मूठभर दाणे, आणि आठवड्यातून दोनदा सोया वड्या, सुक्या वड्यांत 100 ग्रॅमला 50 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा, मग काळ्या मसाल्यात टाका, मुलगा त्यासाठी वाट बघतो.

बाहेर खायचं तर नाशिकमध्ये फार अडचण नाही, मिसळ आहे ना. दही वाटीत वेगळं येतं, ते नको सांगायचं, आणि पावाला बटर लावू नका म्हणायचं. पावाच्या पिठात दूध पावडर असते कधीकधी, म्हणून ती विचारून घेते किंवा मिसळ पापडासोबत खाते. वडापाव, कांदाभजी, भेळ ठीक. हॉटेलातल्या साबुदाणा खिचडीला तूप असतं, विचारा. पंजाबी ग्रेव्ह्या बहुतेक सगळ्या बाद.

लग्नकार्यात जरा आधी सांगावं लागतं. निफाडला तिच्या मावसबहिणीच्या लग्नात पंगतीत बसलो, मसालेभात आला, मागून तूप वाढणारा आला, तिने हात आडवा धरला, तर तो बिचारा, ताई थोडं तरी घ्या, असं म्हणत थांबलाच. ती म्हणाली, दादा तूप नको, पण भात अजून वाढा आणि अळूची भाजी परत पाठवा. त्याने खरंच अळूची बादली घेऊन दुसऱ्याला पाठवलं. मठ्ठा आणि जिलबी तिने सोडली, जिलबीच्या पिठात दही असतं आणि तळण तुपातलं असू शकतं. घरून निघताना मी पर्समध्ये दाण्या-गुळाचे दोन लाडू टाकून दिले होते, गोडाच्या वेळेला तिने ते काढले आणि एक शेजारी बसलेल्या तिच्या मावशीला दिला. मावशीने तिथेच मला विचारलं, दाणे किती भाजले होते, जावईबापू?